हात उचलणारी बाई

कौतिकताई अहिरेला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका माणसाला ढोलकीनं मारत होती.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. नाशिकरोडला जेल रोडवर माझं छोटंसं ब्युटी पार्लर होतं, आणि एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीत गणपतीच्या कार्यक्रमाला बायकांच्या नाचाची रंगभूषा करायला मला बोलावलं होतं. स्टेजमागच्या कनातीआड मी एका पोरीच्या डोळ्यांत काजळ घालत होते. बाहेर गाणं चाललं होतं, आणि गाण्याखाली ढोलकी अशी काही बोलत होती की काजळाची काडी माझ्या हातात आपोआप ठेका धरत होती. मध्येच ढोलकी थांबली. मी कनात सारून बघितलं.

एक तर्र झालेला माणूस स्टेजवर चढला होता. गाणाऱ्या कोवळ्या पोरीचं मनगट धरून तिला ओढत तो नाचत होता. मंडळाचे कार्यकर्ते खालूनच "अहो भाऊ, खाली या, खाली या" करत होते. ढोलकीवर बाई बसली होती. तिनं गळ्यातला पट्टा काढला, ढोलकी दोन्ही हातांत मुसळासारखी धरली आणि त्या माणसाच्या खांद्यावर हाणली. तो वळला, तर दुसरा घाव कानशिलावर. तो स्टेजवरून खाली खुर्च्यांत पडला. ढोलकीचं चामडं फाटून लोंबायला लागलं.

बाईनं माइक हातात घेतला.

"दुसरी ढोलकी हाय का कोणाकडं?"

भजनी मंडळाच्या कुणीतरी आणून दिली. तिनं ती ताणून घेतली, थाप मारून पाहिली आणि गाणाऱ्या पोरीला म्हणाली, "रडू नको. दुसऱ्या कडव्यापासून घे."

कार्यक्रम झाल्यावर ती कनातीआड माझ्यासमोर येऊन बसली. ढोलकीच्या कडीनं तिचा तळवा फाटला होता. मी कापूस लावला. "फार लागलं का?"

"मला? नाय. ढोलकी गेली. बापाची होती," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठं तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

ती मूळची नामपूरची, बागलाणातली. बाप कांद्याच्या बाजारात गोण्या वाहायचा आणि जत्रांच्या हंगामात ढोलकी वाजवायचा. पोरगा नव्हता, म्हणून त्यानं पोरीला शिकवलं. शिकवण्याची पद्धत अशी की पोरीला पुढ्यात बसवायचं आणि तिच्या पाठीवर बोल वाजवायचा. चुकली की तोच बोल दुप्पट जोरानं. "माझ्या पाठीला सगळे ताल अजून पाठ हायेत," असं ती हसत हसत सांगायची. बाईमाणसानं ढोलकी गळ्यात घातली म्हणून गावातल्या लोकांनी एकदा त्यांच्या घरावर दगड टाकले, तेव्हा हाच बाप दिवसभर उंबऱ्यावर कुऱ्हाड घेऊन बसला होता. माया आणि मार, दोन्ही तिला एकाच हातानं मिळालं होतं. त्यातलं कुठलं कुठं संपतं, हे तिला शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही.

तिचं प्रेमसुद्धा हाताचंच होतं. खूश झाली की ती पाठीत असा धपाटा घालायची की समोरच्याच्या कपातला चहा सांडायचा. कांदा तिनं कधी विळीवर चिरलेला मी पाहिला नाही. ओट्यावर ठेवायचा, बुक्की मारायची आणि फुटलेला कांदा मिठाबरोबर खायचा. माझ्या पार्लरमध्ये यायची ती नुसती बसायला. एकदा मी म्हटलं, ताई, भुवया तरी नीट करून देते. तर म्हणाली, "राहू दे गं. लोकांना भ्यायला काहीतरी पाहिजे ना."

तिचा नवरा नामदेव एकलहऱ्याला कोळशाच्या कामावर होता. दिसायला देखणा, गाण्याचा शौकीन. नामपूरच्या जत्रेत त्यानं हिला वाजवताना पाहिलं आणि स्वतःहून मागणी घातली. पहिलं वर्षभर तो मित्रांना घरी आणायचा आणि म्हणायचा, "ऐका, माझी बायको वाजवते." पुढं कार्यक्रमांची आमंत्रणं यायला लागली आणि ती हिच्या नावानं यायला लागली. लोक रस्त्यात त्याला 'कौतिकबाईंचे मालक' म्हणून ओळखायला लागले. तिथून तो बिघडला, असं ती म्हणायची. दारू नंतरची.

एका दुपारी तिला मालेगावच्या कार्यक्रमाला निघायचं होतं. तो नाही म्हणाला. ती तरी निघाली. त्यानं दारातच तिचं मनगट धरलं, उजव्या हाताची बोटं चौकटीत ठेवली आणि लोखंडी दार आपटलं. हे तिनं मला पुष्कळ दिवसांनी, पार्लरमधल्या आरशाकडे बघत, एका दमात सांगितलं. "तो म्हणाला, आता वाजव."

दवाखान्यात तिनं 'दार लागलं' असं सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं.

दोन बोटं वाकडी राहिली. ती मुडपायची नाहीत आणि सरळही व्हायची नाहीत. ढोलकी संपली. मला वाटलं बाई खचली, आता येणार नाही. पण वर्षाच्या आत ती एक जुनी पेटी घेऊन पार्लरमध्ये हजर झाली. भाता उजव्या हातानं आणि पट्ट्या डाव्या हातानं. सगळं उलटं. माझ्या गिऱ्हाइकांना बाकावर सरकायला लावून तिनं पेटी मांडीवर घेतली आणि एक भक्तिगीत म्हटलं. तिचा आवाज जाड, खरखरीत होता, पण वरच्या सुरात गेला की अंगावर काटा यायचा. गाणं संपल्यावर म्हणाली, "बघ. त्यानं एकच हात मोडला."

गंगापूर रोडला एक हौशी नाटक मंडळी होती. तिथं मी रंगभूषा करायचे. दिग्दर्शक पाटणकर सर कॉलेजात शिकवायचे. त्यांना पेटीवाला हवा होता, मी पेटीवाली नेऊन उभी केली. रोज संध्याकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये तालीम असायची. नाटकात नवरा बायकोला थोबाडीत मारतो असा प्रसंग होता. नवऱ्याचं काम करणारा वसंत म्हणून एक उमदा नट होता. एके दिवशी त्यानं नायिकेला खरोखरच सणसणीत वाजवली. पोरीचा कानातला डूल तुटून पडला. पाटणकर सर म्हणाले, "अरे वा! हे खरं वाटतंय. असंच ठेवू."

ती पोर रडत घरी गेली आणि परत आली नाही. दुसऱ्या कुणी तयार होईना. तेव्हा पेटीमागून कौतिकताई उठली.

"मी करते. पण थापड खोटी पाहिजे. मी थापडा घरी खाते, इथं नाटक करायला येते."

वसंतनं मान डोलावली. तालमी छान झाल्या. मात्र स्पर्धेच्या प्रयोगात, समोर परीक्षक बसलेले पाहून त्याच्या अंगात काय संचारलं कोण जाणे, त्यानं खरी मारली. मी विंगेत होते. आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला असेल. कौतिकताईनं डाव्या हातानं त्याला अशी हाणली की त्याची मिशी निघून गालावर आली.

संहितेत तिथं बायको रडत आत जाते असं होतं. आता ती आत कशी जाणार? ती तिथंच पाटावर बसली आणि नवऱ्याला म्हणाली, "बसा. जेवून घ्या." वसंत मिशी सावरत मुकाट बसला. थिएटर टाळ्यांनी फुटलं. बक्षीस काही मिळालं नाही. पाटणकर सर रंगपटात आले ते लालबुंद होऊन.

"कौतिकबाई, तुम्ही नाटक मारलंत!"

"नाटकाला नाय सर," ती चेहऱ्यावरचा रंग पुसत म्हणाली, "ह्याला मारलं."

वसंतच आधी हसला. त्यानंतर ती दोघं बहीणभावासारखी झाली.

पुढची काही वर्षं तिनं काम सपाटून केलं. सासू झाली, दरोडेखोरीण झाली, बालनाट्यात राक्षस झाली, एकदा तर पुरुष नट आला नाही म्हणून धोतर नेसून पाटील झाली. नाटकांना चाली लावल्या, पडद्यामागून गायली. गावोगावच्या प्रयोगांना टेम्पोत सामानावर बसून गेली. कुठल्याशा स्थानिक पेपरात तिच्याबद्दल 'अष्टपैलू कलावती' असं छापून आलं. तिनं मला विचारलं, "अष्टपैलू म्हणजे काय गं?" मी म्हटलं, आठ पैलू पाडलेला हिरा असतो ना, तसं. ती म्हणाली, "पाडलेला म्हणजे आठ बाजूंनी घासलेला, तोडलेला ना? मग बरोबर हाय."

या सगळ्या वर्षांत तिचा चेहरा माझ्या हाताखालून जात होता. त्यामुळं मला मुक्या माराचे रंग पाठ झाले. आधी लाल, मग जांभळा, मग कडेनं हिरवट, आणि जाता जाता हळदीसारखा पिवळा. कुठल्या रंगावर कुठला लेप बसतो हे मला दुसऱ्या कुठल्याही चेहऱ्यानं शिकवलं नाही. मी म्हणायचे, सोड त्याला. ती म्हणायची, "कुठं जाऊ? नामपूरला? बाप गेला. भाऊबंद म्हणतील, आली ढोलकीवाली." आणि एकदा म्हणाली, "मी नुसती खात नाय मंदा. मी पण मारते. फक्त तो जास्त जोरात मारतो."

मग एके दिवशी नामदेव तालमीच्या हॉलवर आला. संध्याकाळची वेळ, सगळी मंडळी चहा पीत होती. तो शांतपणे आत आला. कुणाला वाटलं, बायकोला न्यायला आला असेल. भिंतीला टेकवलेली घडीची लोखंडी खुर्ची त्यानं उचलली आणि काही न बोलता कौतिकताईच्या तोंडावर मारली. ती खाली कोसळली. तो परत खुर्ची उचलत होता. वसंतनं त्याला मागून कवळ घातली, दोघंही जमिनीवर पडले आणि मग वसंत त्याला मारतच सुटला. सरांनी आणि बाकीच्यांनी वसंतला ओढून काढलं नसतं तर त्या दिवशी नामदेव जिवंत राहिला नसता. मी कौतिकताईचं डोकं मांडीवर घेतलं. तिचा खालचा जबडा एका बाजूला गेला होता. ती काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होती आणि तोंडातून शब्दांऐवजी रक्त येत होतं.

पोलीस केस झाली. नामदेव काही दिवस आत राहिला. पुढं तिनंच केस सोडून दिली, कारण त्याची नोकरी गेली तर राहता क्वार्टर जाणार होता. तो घरी आला आणि बरेच दिवस मान खाली घालून राहिला.

तिचा जबडा तारांनी बांधला होता. नळीनं पेज प्यायची. बोलणं बंद. भेटायला येणाऱ्यांना ती चिठ्ठ्या लिहून शिव्या द्यायची. सातवीपर्यंत शिकलेली, लिहायची सवय गेलेली, पण शिव्या बिनचूक. मला पहिली चिठ्ठी लिहिली ती अशी: 'रडतीस काय. आंबा रस काढून आन.' मग चिठ्ठ्या लांबत गेल्या. एके दिवशी तिनं माझ्यापुढं कागदांचा गठ्ठाच ठेवला. एकांकिका होती. ढोलकी वाजवणारी पोर, घरावर पडणारे दगड आणि उंबऱ्यावर बसलेला बाप. त्यातला बाप बाहेरच्यांपासून पोरीला वाचवतो आणि प्रत्येक दगडाचा राग आत येऊन तिच्यावरच काढतो. मी ती एका बैठकीत वाचली आणि पार्लर दिवसभर बंद ठेवलं.

पाटणकर सरांना ती आवडली. ते म्हणाले, भाषा जरा नीट करून घेऊ. कौतिकताईनं कागद ओढून लिहिलं: 'भाषा माझी राहू द्या. काना मात्रा तुमच्या घाला.'

तारा निघाल्या तेव्हा बोलणं थोडं जड झालं होतं. स, श ओठांतून निसटायचे. गाणं गेलं ते गेलंच. ती कमी शब्दांची कामं करायला लागली आणि बाकीचे शब्द दुसऱ्यांसाठी लिहायला लागली. तिच्या एकांकिका महाविद्यालयांतली पोरं बसवायची. तालमीला बोलावलं की ती जायची आणि मारामारीच्या प्रसंगात पोरांनी हळूच ढकलाढकली केली की मागून खेकसायची, "मारायचं तर कोणाला लागलं ते तुमच्या तोंडावर दिसू द्या! हात नंतर."

नवं शतक उजाडलं आणि नामदेवला अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं. वाचाही गेली. सगळी भाषा पुसली जाऊन एकच शब्द त्याच्या तोंडात शिल्लक राहिला. भूक लागली, तहान लागली, कूस बदलायची असली, भीती वाटली, तरी तो तेवढंच म्हणायचा: "रांडे." आयुष्यभर तो तिला हीच हाक मारत आला होता. डॉक्टर म्हणाले, असं होतं, त्यांना कळत नाही ते काय म्हणतायत. कौतिकताई म्हणाली, "मला कळतं." आणि खरंच, सुरावरून तिला कळायचं, पाणी हवंय का भांडं हवंय.

क्वार्टर सोडून ती दोघं सिन्नर फाट्याजवळ दोन खोल्यांत राहायला आली. पूर्वी ती त्याला 'अहो' म्हणायची. आता 'अरे' म्हणायला लागली.

शहरातल्या एका महिला मंडळानं तिचा सत्कार केला. अध्यक्षबाई चांगल्या होत्या, बोलल्याही मनापासून: ज्यानं छळलं त्याचीच सेवा करणारी ही माउली. कौतिकताईनं शाल घेतली, माइकपाशी गेली आणि म्हणाली, "जेवायला घालते मी त्याला. माफ केलेलं नाय. दोन्ही वेगळं असतं." बायकांना वाटलं ती विनोद करतेय. टाळ्या पडल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी एका दुपारी नामदेवची औषधं द्यायला तिच्या घरी गेले. दार लोटलेलं होतं. ती त्याला पातळ भात भरवत होती. त्यानं घास तोंडात घोळवला आणि तिच्या तोंडावर थुंकला. "रांडे." तिनं वाटी खाली ठेवली. पदरानं तोंड पुसलं. मग डाव्या हातानं त्याच्या थोबाडीत मारली. परत मारली. परत. दर खेपेला त्याची मान एका बाजूला जायची आणि हळूहळू मध्ये यायची. उजवा हात गेलेला, आणि डावा वर करण्याइतकं त्राण त्याच्यात नव्हतं. डोळे मात्र तिच्यावरून हलत नव्हते. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. चामडं ताणल्यावर ढोलकी बरोबर लागली की नाही हे ऐकताना असतो तसा चेहरा होता तिचा, लक्ष देऊन ऐकणारा.

मग तिला मी दिसले.

"काय दखस?" ती म्हणाली. रागावली की ती अशी अहिराणीत जायची. काय बघतेस? "आत ये. दार लाव."

तिनं वाटी पुन्हा उचलली. त्यानं भात खाल्ला. सगळा खाल्ला. तिनं त्याचं तोंड पुसलं, कुशीला उशी लावली, आणि मग माझ्याशेजारी जमिनीवर येऊन बसली. बराच वेळ आपल्या हाताकडं बघत राहिली.

"लय सोपं असतं गं, मंदा. मला वाटायचं, त्याला जोर लागत असंल. आतून काहीतरी लागत असंल. काहीच लागत नाय."

त्या दुपारवर तिनं दोन अंकी नाटक लिहिलं. पहिल्या अंकात नवरा बायकोला मारतो. दुसऱ्यात तो अंथरुणाला खिळलेला असतो आणि बायको त्याला मारते. माफी नाही, पश्चात्तापाचं भाषण नाही. ती त्याला मारते आणि भरवते, मारते आणि भरवते. पाटणकर सर वाचून म्हणाले, "ही बाई प्रेक्षकांना आवडणार नाही."

"मला पण आवडत नाय," कौतिकताई म्हणाली.

बातमी महिला मंडळापर्यंत पोचली. शाल देणाऱ्या त्याच अध्यक्षबाई तालमीला आल्या. भांडायला आल्या नव्हत्या, विनवायला आल्या होत्या. "आमच्याकडं रोज पोरी मार खाऊन येतात हो. उद्या त्यांचे नवरे म्हणतील, बघा, नाटकातच दाखवलंय, बायकाही तसल्याच असतात. एवढा एक प्रसंग काढा. आमच्यासाठी काढा."

कौतिकताईनं त्यांचं सगळं ऐकून घेतलं. तोडून बोलली नाही. "तुमचं खरं हाय, बाई," ती म्हणाली. "पण हे पण खरं हाय. मी काय करू?"

प्रसंग राहिला.

प्रयोग शहरातल्या मोठ्या नाट्यगृहात रविवारी दुपारी होता. बायकोचं काम ती स्वतः करणार होती, अंथरुणावरच्या नवऱ्याचं वसंत. वसंतनं तिला सांगून ठेवलं होतं, "ताई, या वेळी खरी मार. मला चालेल." मी नाट्यगृहापाशी पोचले तर दारात रिक्षा उभी, आणि ती नि रिक्षावाला मिळून नामदेवला चाकाच्या खुर्चीत बसवत होते.

"याला कशाला आणलंस?" मी विचारलं.

"त्याच्याबद्दल त्याच्या माघारी बोलणं बरं नाय."

आम्ही त्याला पहिल्या रांगेच्या कडेला बसवलं. स्वच्छ धुतलेला सदरा, दाढी केलेली. बघणाऱ्याला वाटावं, कुणी बुजुर्ग पाहुणा आलाय.

दुसऱ्या अंकातला तो प्रसंग आला. मी विंगेत उभी होते. तिनं वाटी खाली ठेवली, तोंड पुसलं आणि वसंतच्या थोबाडीत मारली. थिएटरात कुणीतरी "आई गं" म्हणालं. दुसरी मारली. मागं खुर्च्या वाजल्या, काही माणसं उठून चालायला लागली. तिचा हात तिसऱ्यांदा वर गेला आणि अंधारातून आवाज आला:

"रांडे!"

सगळं थिएटर दचकलं. मागून कुणीतरी ओरडलं, "कोण दारुडा आहे, बाहेर काढा रे त्याला!" पण तो आवाज पुन्हा आला. या वेळी हळू आणि लांबवलेला. कौतिकताईचा हात वरच्या वर होता. ती अंधाराकडं वळली.

"काय रे? पाणी पाहिजे?"

काही नाही.

"घाबरला का?"

लोकांना हा नाटकाचा भाग आहे की नाही, कळत नव्हतं. विंगेत पाटणकर सरांनी माझा दंड घट्ट धरला होता. मला वाटलं, आता हिचा हात वसंतवर पडणार नाही. कुणालाही तसंच वाटलं असतं. मलाही ते तसं व्हायला हवं होतं.

"आले," ती अंधाराला म्हणाली. "एवढं संपलं की आले." आणि वळून तिनं वसंतला तिसरी मारली. वसंत नंतर सांगायचा, तीच सगळ्यांत जोरात होती. कितीतरी दिवस त्याचा कान वाजत होता.

पडदा पडला. निम्मे लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. अध्यक्षबाई शेवटपर्यंत बसल्या आणि कुणाला न भेटता गेल्या. कौतिकताई नमस्काराला थांबली नाही. चेहऱ्यावर रंग तसाच ठेवून ती पायऱ्या उतरून खाली गेली, नामदेवच्या तोंडाला पाण्याचा पेला लावला, आणि तो पाणी पीत असताना त्याच्या मानेखाली आपला वाकडा हात धरून उभी राहिली.

त्यानंतर तिनं त्याला मारलं का, हे मी कधी विचारलं नाही. एकदा तिनंच सांगितलं. "मारलं. पण कमी." ती खोटं बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

काही वर्षांनी नामदेव गेला. नातेवाईक बायका तिचं कुंकू पुसायला पुढं आल्या तेव्हा ती प्रेताशेजारून ताडकन उठली आणि हात उगारून ओरडली, "माले हात लाव आते!" आता लावून बघ मला हात. कुणी लावला नाही. ती परत खाली बसली आणि मग रडली. असं रडणं मी तिच्या कुठल्याही नाटकात ऐकलं नव्हतं.

ती नामपूरला परत गेली. ज्या गावानं घरावर दगड टाकले होते त्याच गावातल्या शाळेनं तिला मुलींचं नाटक बसवायला बोलावलं. पुढं दरवर्षी बोलावत राहिले. आमचं फोनवर बोलणं व्हायचं. एका हिवाळ्यात कळलं, ती झोपेत गेली. तिच्यासारख्या बाईला इतकं शांत मरण आलं, हे मला कितीतरी दिवस खरंच वाटेना.

तिला मी शेवटचं पाहिलं ते त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात. सटाण्याला एका लग्नात वधूची रंगभूषा करून मी वाकडी वाट करून नामपूरला गेले होते. शाळेच्या हॉलमध्ये पंधरा-वीस पोरी होत्या. फरशीवर सतरंजीसुद्धा नव्हती. ती त्यांना पडायला शिकवत होती. नाटकात कुणी ढकललं तर कसं पडायचं, डोकं कसं वाचवायचं, हात कुठं टेकवायचा नाही. ती पन्नाशी ओलांडलेली, केस पांढरे झालेले, आणि स्वतः धाडकन पडून दाखवत होती. एकदा पडली ती उठेना. मी पुढं धावले. तिनं एक डोळा उघडला. "भ्यायली ना? असं पडायचं."

पोरी हसत सुटल्या. तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला, चहा पाजला, आणि पोरी खोळंबल्यात म्हणून परत आत गेली. माझी एसटी लागायची वेळ झाली होती. मी शाळेच्या फाटकापाशी पोचले तरी मागून धप् धप् आवाज येत होते. एकामागून एक पोरी पडत होत्या, आणि त्या आवाजांवर तिचा जड झालेला, सुटे सुटे शब्द फेकणारा आवाज चढत होता: "ऊठ व! आखो एकदाव! आखो!"

आणखी एकदा. आणखी.